मुराळी उभा राहतो

२ फेब्रुवारी, रविवार

जन्नत म्हणाली, "या वयात डायरी लिहून दाखवणार कुणाला?" कुणालाच नाही, म्हणून तर लिहायला घेतली. देहूरोडच्या डेपोत आयुष्यभर मालाच्या नोंदी लिहिल्या, त्या साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी वाचल्या. आता कुणी न वाचण्यासारखं थोडं लिहून जावं म्हणतो.

निमित्त असं की मला नाटकात काम मिळालं. आमच्या लोणावळ्याच्या वाचनालयानं मराठी भाषा दिनाला, सत्तावीस तारखेला, 'संगीत गृहवियोग' करायचं ठरवलंय. शंभर वर्षांपूर्वीचं गाजलेलं नाटक. शाळेत महिपती सरांनी त्यातला एक प्रवेश आम्हाला वाचून दाखवला होता. वर्गाच्या खिडकीतून धुकं आत यायचं आणि सरांचा आवाज त्या धुक्यातूनच येतोय असं वाटायचं. सर कविता शिकवत नसत, चालून दाखवत. फळ्यापासून दारापर्यंत एक कडवं, दारापासून फळ्यापर्यंत दुसरं. अजून स्टेशनाकडे निघालो की माझे पाय वृत्तात पडतात आणि मागून येणारे रिक्षावाले शिव्या देतात.

माझं पात्र शेवटच्या अंकात येतं. त्याला नाव नाही. पात्रांच्या यादीत नुसतं 'मुराळी' असं छापलंय. संवाद एकही नाही. पुस्तकातली सूचना एवढीच: 'मुराळी येतो. उभा राहतो. सगुणा त्याच्याबरोबर जाते.'

जन्नत म्हणाली, "उभं राहायचं काम बरोबर माणसाला दिलं. घरात तेच तर करता."

मुराळी म्हणजे कोण, हे मात्र आमच्यात कुणालाच माहीत नाही. खंडोबाच्या मुरळीशी त्याचा संबंध नाही, तो पुरुष आहे, इतकंच कळतं. मला तर शब्द ऐकल्यावर लांबून कुणीतरी बासरी वाजवत येतोय असंच दिसलं. शाळेतसुद्धा असंच व्हायचं. अर्थ कळायच्या आधी मी चित्र काढून मोकळा.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वराळ्याहून अजीमचा फोन. अजीम म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, अमिनाचा, एकुलता एक. तो तळेगावात फ्लॅटमध्ये राहतो. अमिना मेहुण्यांच्या मागं वराळ्याच्या जुन्या घरात एकटी. तिथली आळी बिल्डरनं घेतली. आता अमिनाचं आणि शेजारच्या झुंबरबाईचं अशी दोनच घरं उभी आहेत.

"मामू, अम्मी एकटी असते. पडली-झडली तर? तुमच्याकडं बोलवून घ्या तिला. मी गाडीनं आणून सोडतो. राहू दे चार महिने. कायमची राहिली तरी काय, तिचं माहेरच आहे."

"ती यायला हवी ना."

"तुमचं ऐकेल. घर मोकळं झालं की मला पण पुढचं बघता येईल."

किती काळजी करतो पोरगा. मी लगेच अमिनाला फोन लावला. म्हटलं, ये की, कोण अडवतंय तुला. ती म्हणाली, "बघू." म्हटलं, अजीम गाडी घेऊन येईल. तर म्हणते, "त्या गाडीत मी बसायची न्हाई." तिला लहानपणापासून गाडी लागते. खंडाळ्याच्या घाटात तिच्यासाठी अब्बांना लिंबू खिशात ठेवावं लागायचं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज तालमीत भांडण झालं. माझंच.

दिग्दर्शन करणारी समीक्षा तरुण मुलगी आहे. पुण्यात नाटक शिकली, कामात कडक. शेवटच्या अंकाशी आली आणि थांबली. त्या अंकात नवरा सगुणेला घराबाहेर काढतो. तेव्हा सगुणा म्हणते, 'मला घालवून देता येणार नाही. माझा मुराळी येईल, तेव्हाच मी या उंबऱ्याबाहेर पाय ठेवीन.'

समीक्षानं विचारलं, "हा मुराळी कोण आहे?"

संदेश नवऱ्याचं काम करतो. तो म्हणाला, "गडी असेल. सामान उचलायला."

एकजण म्हणाला टांगेवाला.

समीक्षा म्हणाली, "कोणी का असेना. नवरा घालवून देतोय आणि ही म्हणते, मला न्यायला माणूस येईल तेव्हा जाईन. हे मी आज दाखवू? माझी सगुणा म्हणेल, 'मी चालले.' आणि एकटी जाईल. प्रकाश तिच्यावर. नसीरकाका, सॉरी, पण तुमचं पात्र मला नको आहे."

मी म्हटलं, "कळलं नाही म्हणून काढून टाकायचं? मग शाळेच्या पुस्तकातल्या निम्म्या कविता फाडाव्या लागतील."

"मग कळवा. पुढच्या रविवारी अर्थ सांगा, पटला तर ठेवू."

"सांगतो."

"आणि नाही पटला तर?"

"तरी सांगतो," मी म्हटलं. सगळे हसले. मला हसू आलं नाही. शब्दाला कुणी नाही म्हणून त्याला हाकलायचं, हे मला सहन होत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सापडला. वाचनालयाच्या कुलूपबंद कपाटात जुना जाडजूड शब्दकोश आहे, तो काढायला लावला. 'मुराळी: सासरी नांदणाऱ्या मुलीला माहेरी न्यायला आलेला माणूस, बहुधा भाऊ.'

खरं सांगायचं तर हिरमोड झाला. बासरी नाही, वाट चुकलेला शाहीर नाही, काही नाही. न्यायला आलेला भाऊ. एवढंसं काम आणि त्याला इतका सुरेल शब्द.

घरी येऊन जन्नतला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मग मला विचारायचं ना. आमच्याकडं त्याला मूळ म्हणायचे. माझा भाऊ यायचा, आठवतंय का?"

"तो जेवून जायचा, एवढं आठवतंय."

"तुमची अम्मी त्याला दिवस सांगायची. अमक्या दिवशी आणून सोड म्हणून. दिवस सांगितल्याशिवाय मला घेऊन तो दाराबाहेर पडायचा नाही. तुम्ही तेव्हा खिडकीत बसून कविता म्हणत असाल."

असेन. अमिनालाही अब्बा असेच आणायला जायचे. अब्बांनंतर फोन आले, गाड्या आल्या, अमिना नवऱ्याच्या स्कूटरवरून यायला लागली. जायचं कुणी, हा प्रश्नच कुणाला पडला नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अमिनाला फोन करून सगळी गंमत सांगितली. नाटक, मुराळी, समीक्षाबाईंचा हट्ट. अमिनाला शब्द माहीत होता. वराळ्यात इतकी वर्षं राहून तिची बोलीही तिथलीच झालीय. मग म्हणाली, "आन् ती बाई जाती त्याच्याबरोबर?"

"जाते."

"आन् परत कवा येती?"

"परत कुठली. नाटक तिथंच संपतं."

"मग ज्यानं नाटक लिवलं त्याला मुराळी कळला न्हाई."

मला राग आला. शंभर वर्षं लोक डोक्यावर घेतायत ते नाटक, आणि हिनं फोनवर दोन वाक्यांत निकाली काढलं. म्हटलं, तू तुझं बोल, तू कधी येतेस. तर म्हणाली, "तू कवा येतोस?" आणि फोन ठेवला.

दुपारी अजीमचा फोन. बिल्डरची माणसं महिनाअखेरीला येणार आहेत. "मामू, तेवढं करा. ती एकदा तिथून निघाली की बाकीचं मी बघतो."

"बाकीचं म्हणजे?"

"म्हणजे कुलूपबिलूप. तुम्ही नका ताण घेऊ."

शबे बारातचा हलवा खाताना तो शब्द दातात अडकल्यासारखा वाटत राहिला. कुलूपबिलूप. तिचं घर, बिल्डरच्या कागदावर तिची सही अजून झालेली नाही, आणि कुलूप मात्र बिलूपसकट ठरलेलं.

मग लक्षात आलं की अमिनाला गाडी लागते म्हणून ती अजीमच्या गाडीत बसत नाही, असं मी मागं लिहून ठेवलंय. ते खोडत नाही. लिहिणाऱ्याची अक्कल दिसत राहू दे.

१६ फेब्रुवारी, रविवार

समीक्षाला अर्थ सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे भाऊ. म्हणजे शेवटी पुरुषच."

मी म्हटलं, "नुसता भाऊ नाही. त्याला परत आणून सोडायचा दिवस सांगतात."

"तो दिवस नाटकात आहे का?"

"नाही."

"मग मी कुठून आणू, काका?"

पात्र गेलं. संदेश मायेनं म्हणाला, "काका, पडदा ओढायला या. तो पण स्टेजवरचाच मान."

"पडद्याला माणूस मिळेल," मी म्हटलं, "मी उभा राहायलाच येईन. नाहीतर येणार नाही."

घरी येताना पाय वृत्तात पडेनात. नाटकातलं काम गेलं त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण तिकडे एक बाई खरोखर उंबऱ्याच्या आत बसून आहे आणि मी तिला फोनवर 'ये की, ये की' करतोय.

जन्नतला म्हटलं, उद्या वराळ्याला जातो. तिनं उठून डब्यात हलवा भरला आणि कपाटातून कोरी सुती साडी काढली. "रिकाम्या हातानं नाही जात मुराळी," म्हणाली. "आणि अजीमनं गोड बोलून गाडीत बसा म्हटलं तरी बसू नका. येताना लोकलनं या."

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळच्या लोकलनं तळेगाव, तिथून सहा आसनीनं वराळे. आळीत शिरलो तर आळीच नाही. नुसतं सपाट. मधे पत्र्याचं कुंपण, त्यावर फ्लॅटमध्ये हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र, आणि त्या चित्राच्या मागं ही दोन घरं.

ओट्यावर झुंबरबाई शेंगा फोडत बसलेल्या. अमिनापेक्षाही थोरल्या.

"कोण हो पाव्हणं?"

"अमिनाचा भाऊ. न्यायला आलोय तिला."

बाईंनी माझ्या हातातल्या पिशवीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "अमिने," त्यांनी हाक दिली, "बाहेर ये गं. तुजा मुराळी आलाय."

अमिना दारात आली. तांब्या आणला, पायावर पाणी घाल म्हणाली. हलवा आत नेला. साडी कपाळाला लावून ठेवली. मला पोटभर जेवायला घातलं, बाजरीची भाकरी आणि मेथीचं गरगट, आणि मी दुसरी भाकरी नको म्हणालो तर म्हणाली, "गप खा. उपाशी मुराळी कुटं असतो का?"

मग म्हणाली, "आता अजीमला बोलीव. घरचा बाप्या तोच. त्यानं दिस सांगितल्याबिगर मी न्हाई निघायची."

अजीम मोटरसायकलवर आला. खूश होता. "मामू, तुम्ही कशाला त्रास घेतला? मी सोडलंच असतं."

तोवर झुंबरबाईंनी माणसं गोळा केली होती. त्यांची सून शालन, पत्र्यापलीकडचे दोघं-तिघं, दूधवाला. मी ओट्याखाली उभा राहिलो. संवाद नसलेलं पात्र, आणि बोलायची वेळ आली.

"अजीम," मी म्हटलं, "बहिणीला माहेरी न्यायला आलोय. कधी आणून सोडू?"

तो हसला. "कधी म्हणजे काय, मामू. राहू दे की. तुमचंही घर तिचंच आहे."

"तसं नसतं रं," झुंबरबाई म्हणाल्या. "मुराळ्याला दिस सांगत्यात. दिस न सांगता धाडली तर टाकली म्हंत्यात. आयला टाकतोस व्हय?"

"आजी, काय बोलताय. टाकतो कशाला?"

"मंग सांग की दिस."

अजीमनं माझ्याकडं पाहिलं, मग दूधवाल्याकडं. अमिना दाराच्या चौकटीला टेकून उभी. नुसती बघत होती. लहानपणी तो शाळेतून येऊन दप्तर फेकायचा तेव्हा अशीच बघायची, ते मी पाहिलंय.

"रमजानच्या आत," तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोल, मला ऐकू कमी येतं," झुंबरबाई म्हणाल्या. त्यांना शेंगेच्या टरफलाचा आवाजसुद्धा ऐकू येतो.

"रमजान लागायच्या आत आणून सोडा, मामू."

अमिनानं दार ओढलं, आपल्या हातानं कुलूप लावलं, किल्ली पदराला बांधली. "चल, भाई," म्हणाली.

अजीम म्हणाला, गाडी आणतो, स्टेशनापर्यंत तरी. मी म्हटलं, आम्ही जातो आमचे.

लोकलमध्ये कान्हे येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग अचानक हसली. "काय झालं?" विचारलं तर म्हणाली, "अब्बा किती ताठ उभं राहायचं. तू वाकून उभा राहिलावतास. वाटलं मुराळीच पडंल आता."

२० फेब्रुवारी, गुरुवार

समीक्षा घरी आली. आपण होऊन. काकांना राग आलाय, असं तिला कुणीतरी सांगितलं असावं. जन्नतनं चहा केला, आणि मी तोंड फिरवून बसायचं ठरवलेलं असतानाच अमिना तिच्याशी बोलायला लागली.

"पोरी, तुला ती बाई वाट बघती म्हणून राग येतो का?"

"हो. कुणीतरी पुरुष आला तरच ती निघणार, हे मला नाही पटत."

"ती वाट बघत न्हाई. अडून बसलीय. एकटी निघाली तर म्हंतील, गेली. आपल्या पायानं घर सोडलं. मुराळी घेऊन गेला की ती सोडून जात न्हाई, चार दिस राहायला जाती. समद्यांच्या देखत. परत यायचा दिस सांगून. घर तिचंच राहतं."

समीक्षाचा चहा निवला. "म्हणजे शेवटी ती परत आली पाहिजे," ती म्हणाली.

"व्हय."

"पण नाटककारानं तसं लिहिलेलं नाही."

आता मीच तोंड वळवलं. म्हटलं, शंभर वर्षांच्या नाटकात आपण भर घालायची? एक अक्षर वाढवायला माझी तयारी नाही.

"अक्षर कशाला," समीक्षा म्हणाली, "तुम्हाला संवाद नाहीतच. ती जाते, अंधार होतो, उजेड येतो, तुम्ही तिला आणून सोडता. बस्स."

जन्नत म्हणाली, "घ्या. दोनदा उभं राहायला मिळेल."

मी विचार करतो म्हणालो. पण मनातल्या मनात खोली मोजून पाहिली, फळ्यापासून दारापर्यंत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

झालं नाटक. सगुणेला घेऊन गेलो. अंधार झाला तसे लोक टाळ्या वाजवून उठायला लागले. मग उजेड आला आणि आम्ही परत आलेले दिसलो, तेव्हा उठलेले तसेच थांबले. सगुणेनं उंबरा ओलांडला. नवऱ्याच्या पुढ्यातून ती आत गेली आणि मी बाहेर उभा राहिलो. ताठ.

नंतर एक जुने रसिक भेटले, वाचनालयाचे आजीव सभासद. म्हणाले, "शेवट मूळ नाटकात नाही, मुलाणी. हा अगोचरपणा आहे."

मी म्हटलं, "मूळ नाटकात राहून गेला होता." महिपती सरांनी असं बोललेलं ऐकलं असतं तर कान उपटला असता. उपटू दे.

अमिना पहिल्या रांगेत होती. "बरा उभा राहिलास," म्हणाली. "पोट आत घ्यायला पायजे होतं."

१ मार्च, शनिवार, वराळे

आज दिवस भरला. दुपारी अमिनाला घेऊन आलो. जन्नतनं तिच्याबरोबर खजूर, शेवया, घरचा मसाला बांधून दिला.

दाराला नवं कुलूप.

अमिनानं पदराची किल्ली सोडली, कुलपाला लावून पाहिली, पुन्हा बांधली. अजीमचा फोन बंद. झुंबरबाई म्हणाल्या, "परवा दिशी लावलं त्यानं. मी म्हनलं, दिस सांगितलाय तू. तर म्हनला, आजी, तुमी ह्यात पडू नगा."

मी म्हटलं, "आपण थांबू. त्याला येऊ दे. समजावून सांगू."

"तू मुराळी हाईस," अमिना म्हणाली, "तुजं काम आणून सोडायचं. सोडलंस." आणि झुंबरबाईंकडून खलबत्त्यातला लोखंडी बत्ता मागून घेतला.

बासष्टच्या पुढची बाई. पहिल्या घावात कुलूप हललं, दुसऱ्यात तिच्या बांगड्या फुटल्या, तिसऱ्यात कुलूप. शालननं फोन धरून शूटिंग चालवलं होतं, तिला अमिनानं सांगितलं, "ते बंद कर आन् झाडू आण."

तासाभरानं अजीम आला. शालननं कळवलं असणार. तोवर आत चूल पेटली होती. त्यानं दारात पडलेलं कुलूप उचललं, हातात फिरवलं.

"अम्मी, हे नवीन होतं."

"व्हय. हलकं होतं."

तो माझ्याकडं वळला. "मामू, तुम्ही तरी अडवायचं ना. बिल्डरला मी काय सांगू आता? मोकळं घर देतो म्हणून शब्द दिलाय मी."

"शब्द तू मलाही दिला होतास," मी म्हटलं. "पाच माणसांत."

तो ओट्यावर बसला. मला त्याची दया आली, आणि ती आली याचा रागही आला. अमिनानं त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला. भांडली नाही. म्हणाली, "आदी चाँद दिसला का बघ जाऊन. माझी नजर आता लांबचं धरत न्हाई."

अजीम उठला. आळी होती तेव्हा चाँद बघायला सगळे मशिदीच्या गच्चीवर जायचे. आता पडलेल्या घरांच्या जागेतूनच पश्चिमेचं सगळं आभाळ दिसतं. तिथं जाऊन तो मान वर करून उभा राहिला. परत आला आणि म्हणाला, "दिसला."

"दुवा मागितलीस का?"

"हां."

"बरं," अमिना म्हणाली. "पहाटं सहरीला यायचं असंल तर ये, शेवया करणार हाय. दार आतनं लावलेलं आसंल. कडी वाजीव."